पुरुषांच्या अंगावरचे केस आणि लेझर: आधी वय, मग जागा, मशीन सर्वांत शेवटी

लग्नसराई आली की स्किन क्लिनिकमध्ये नवरदेवांची गर्दी वाढते. तारीख दोन महिन्यांवर आलेली असते आणि पाठ, छाती, खांदे सगळं साफ हवं असतं, तेही कायमचं. दोन महिन्यांत ते होत नाही. अंगावरच्या एका जागेला साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात, पुरुषांच्या पाठीला त्याहून जास्तही. दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणजे हे वर्षभराचं काम आहे. दोन महिन्यांत फार तर दोन सिटिंग होतील आणि हळदीच्या दिवशी पाठीवर कुठे केस, कुठे मोकळी जागा असं दिसेल. त्यापेक्षा हळदीच्या दोन-तीन दिवस आधी ट्रिमरला तीन मिलिमीटरची कॅप लावून केस एकसारखे करून घ्या. लेझर करायचंच असेल तर लग्नानंतर निवांत सुरू करा.

अंगावरचे केस नको वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. घामोळं, वास, शर्टाच्या कॉलरमधून वर येणारे केस, पोहायला जाताना वाटणारा संकोच, यातलं कोणतंही कारण पुरेसं आहे. पण पुरुष हा विषय कोणाशी बोलत नाहीत, म्हणून मित्राला न विचारता जाहिरात बघून थेट पॅकेज घेतात. नुकसान तिथे होतं.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. 1983 मध्ये बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी एक तत्त्व मांडलं: प्रकाशाची तरंगलांबी, ऊर्जा आणि झोताचा वेळ नेमका जुळवला तर त्वचेतला एकच घटक तापवता येतो, आजूबाजूचं शाबूत राहतं. केस काढताना तो घटक म्हणजे केसातलं काळं रंगद्रव्य, मेलानिन. केस तापतो, ती उष्णता मुळापर्यंत आणि मुळाशेजारच्या मूळ पेशींपर्यंत (स्टेम सेल) जाते आणि केस तयार करणारी जागा निकामी होते. यासाठी केस वाढीच्या अवस्थेत, मुळाला चिकटलेला असावा लागतो. छाती, पाठ, काख, पाय इथले निम्म्याहून जास्त केस कोणत्याही दिवशी विश्रांतीत असतात आणि त्यांच्यावर त्या दिवशीच्या सिटिंगचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून पुन्हापुन्हा जावं लागतं. दाढीच्या जागी वाढीतल्या केसांचं प्रमाण जास्त, म्हणून तिथलं अंतर चार ते सहा आठवड्यांचं. दर पंधरा दिवसांनी या असं कोणी सांगत असेल तर ते केसांच्या चक्राकडे बघून सांगितलेलं नाही.

आता वय. बाईच्या पायावरचे केस आणि पुरुषाच्या खांद्यावरचे केस यांत मोठा फरक आहे. पुरुषाच्या छाती, पाठ, खांद्यांवरचे केस पुरुषी संप्रेरकांवर चालतात. विशीत जिथे बारीक लव असते तिथे तिशी-चाळिशीपर्यंत जाड काळे केस येत राहतात. बाविसाव्या वर्षी पाठीवर आठ सिटिंग केली, त्या वेळचे केस गेले, तरी पुढच्या दहा वर्षांत शेजारच्या लवेचे नवे केस होणारच. यात मशीनचा दोष नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पंचविशीच्या आत खांदे आणि पाठ यांच्या मागे लागू नये. दाढी पूर्ण घालवण्याबद्दल तर त्याहून जास्त थांबावं. दाढी परत हवी झाली तर परतीचा रस्ता नाही. गालावरची वरची रेघ किंवा मानेवरची खालची रेघ नीट करून घेणं वेगळं, ते चांगलं जमतं.

खांदे आणि दंडांचा वरचा भाग याबद्दल आणखी एक गोष्ट क्लिनिकमध्ये सहसा आपणहून सांगत नाहीत. काही जणांना लेझरनंतर त्या जागी किंवा तिच्या कडेने केस कमी होण्याऐवजी वाढतात. पुरुषांमध्ये हे मुख्यतः खांदे, पाठीचा वरचा भाग आणि दंड इथे दिसतं, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जास्त. यामागचं सर्वांत पटणारं कारण म्हणजे अपुरी ऊर्जा: मूळ मरेल इतकी उष्णता पोचत नाही, पण झोपलेली लव जागी होईल इतकी पोचते. म्हणून ‘अगदी दुखत नाही’ म्हणून विकलेली हलकी सिटिंग खांद्यावर घेण्यापेक्षा काहीच न घेणं बरं. घरी वापरायच्या आयपीएल, म्हणजे लेझरऐवजी मिश्र प्रकाशाचा झोत मारणाऱ्या, यंत्रांनाही हाच आक्षेप आहे. त्यांची ऊर्जा मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि गडद त्वचेवर बरीचशी चालतच नाहीत. पुरुषाच्या जाड केसांच्या पाठीसाठी ती नाहीत.

याउलट काही जागा अशा आहेत जिथे पैसे खरोखर सार्थकी लागतात. मानेवर दाढी केल्यावर केस वळून आत शिरतात, पुळ्या येतात, काळे डाग राहतात. हा त्रास असलेल्यांना लेझरचा फायदा बऱ्याचदा पहिल्या तीन-चार सिटिंगमध्येच जाणवतो, कारण केस बारीक झाला की आत घुसण्याचा जोर जातो. माकडहाडाजवळ पायलोनिडल सायनसचं, म्हणजे घडीतले केस त्वचेत शिरून होणाऱ्या गाठीचं, ऑपरेशन झालेल्यांनी त्या घडीतले केस लेझरने कमी करून घेणं हा सौंदर्याचा विषयच नाही, पुन्हा गाठ होण्याची शक्यता त्याने कमी होते. हा आजार तासन्‌तास बसून काम करणाऱ्या, दाट केसांच्या तरुणांत जास्त दिसतो, तेव्हा सर्जनला याबद्दल जरूर विचारा. काखेतले केस जाड आणि काळे असतात, तिथे निकाल चांगला येतो. भुवयांच्या मधली जागा चालते, पण भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत लेझर कधीही मारू देऊ नका. कानाच्या बाहेरच्या कडा चालतात, कानाच्या आत आणि नाकपुडीत नाही.

मशीनचं बोलू. लेझरचे मुख्य प्रकार तीन, आकडा त्यांच्या तरंगलांबीचा: अलेक्झांड्राइट 755 नॅनोमीटर, डायोड 800 ते 810, एनडी याग 1064. तरंगलांबी जितकी जास्त तितका झोत खोल जातो आणि वरच्या त्वचेतलं मेलानिन त्याला कमी शोषतं. गोऱ्या त्वचेवर अलेक्झांड्राइट फार प्रभावी आहे, पण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर भाजण्याचा धोका वाढतो. आपल्या बहुतेकांसाठी डायोड ठीक, आणि खूप गडद त्वचेसाठी एनडी याग सुरक्षित. तो दुखतो जास्त आणि केसांवरची पकडही थोडी कमी. आयपीएल हा लेझरच नाही, तो अनेक तरंगलांबींचा मिश्र झोत आहे आणि सावळ्या त्वचेवर त्याच्या चौकोनी खिडकीचे डाग उमटलेले दिसतात. कंपनीच्या नावापेक्षा झोताचा वेळ विचारा. वरची त्वचा तीन ते दहा मिलिसेकंदांत उष्णता सोडून देते, जाड केसाच्या मुळाला चाळीस ते शंभर मिलिसेकंद लागतात. गडद त्वचेवर लांब झोत वापरतात तो यासाठी: त्वचा थंड होत राहते, केस तापत राहतो. आणि केस बारीक होत जातात तशी ऊर्जा आणि झोताचा वेळ बदलावा लागतो. पहिल्या सिटिंगचाच आकडा सहाव्यालाही असेल तर शेवटच्या सिटिंग वाया जात आहेत. प्रत्येक वेळची ऊर्जा, वेळ, स्पॉटचा (एका झोतात झाकल्या जाणाऱ्या जागेचा) आकार फाइलमध्ये लिहिलेला हवा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तयारी साधी आहे, पण चुकते इथेच. आधीचे चार ते सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर काही नाही, कारण मूळ उपटलं तर लेझरला लक्ष्यच उरत नाही. वस्तरा चालतो. सिटिंगच्या बारा ते चोवीस तास आधी गुळगुळीत शेव्ह करा. पाठीसाठी घरातल्या कोणाची तरी मदत लागते, संकोच करू नका. केस लांब राहिले तर ऊर्जा वरच्या केसातच जळते, जळका वास येतो आणि त्वचेला चटका बसतो. महिनाभर आधी ऊन टाळा. उन्हात शेतावर, साइटवर किंवा बाइकवर काम असेल तर उघड्या भागांची सिटिंग पावसाळा-हिवाळ्यात धरा. पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, कोड असेल, छाती-खांद्यावर जखमेनंतर उंच वण, म्हणजे किलॉइड, येण्याची प्रवृत्ती असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. टॅटूवर लेझर अजिबात नाही, शाई तापून त्वचा जळते. तीळ झाकून घ्या.

टक्कल थांबवण्यासाठी मिनॉक्सिडिलची गोळी घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. ती गोळी अंगभर केस वाढवते. कपाळाच्या कडा, हात, पाठ सगळीकडे. एकीकडे गोळी आणि दुसरीकडे लेझर, असं वर्षानुवर्षं करणारे लोक आहेत. जिममध्ये टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही तेच. कारण चालू असताना पैसे घालू नका.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल मला काळजी वाटते ती खरी काळजी आहे. लिडोकेन असलेली क्रीम अंगात शोषली जाते. 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, याबद्दल जाहीर इशारा दिला होता. लेझरआधी पायांना असं क्रीम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. पुरुषाची पाठ आणि छाती मिळून खूप मोठं क्षेत्र होतं. घरून सगळ्या अंगाला क्रीम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून क्लिनिकला जाणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या छोट्या भागापुरतं, सांगितल्या वेळेपुरतं लावा. बाकीसाठी मशीनचं थंड टोक, थंड हवा किंवा बर्फाचा पॅक पुरतो.

प्रत्यक्ष सिटिंगला आधी छोट्या भागावर चाचणी घ्या आणि किमान दोन दिवस थांबा. सावळ्या त्वचेवर डाग उशिरा दिसतात, त्यामुळे आठवडा थांबलात तर उत्तम. डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा तुम्हालाही हवा आणि चालवणाऱ्यालाही. हॅंडपीस, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, त्वचेला काटकोनात टेकलेला हवा. तिरका धरला तर थंडावा एका बाजूला लागत नाही आणि चंद्रकोरीसारखा भाजलेला डाग उठतो. प्रत्येक झोत आधीच्या झोताच्या जागेवर थोडा चढवावा लागतो. तसं केलं नाही तर तीन आठवड्यांनी पाठीवर केसांचे पट्टे दिसतात. तसे दिसले तर फोटो काढून पुढच्या वेळी दाखवा आणि फुकट दुरुस्ती मागा. काही मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाशी लालसर, किंचित फुगलेला ठिपका उठायला हवा. तो उठला नाही तर ऊर्जा कमी पडली. त्वचा पांढुरकी किंवा राखाडी झाली तर लगेच थांबवा, ती भाजली आहे. जळणाऱ्या केसांचा धूरही घातक आहे, त्यात बेंझिनसारखी द्रव्यं सापडली आहेत; धूर ओढणारं यंत्र नसलेल्या बंद खोलीत तासभर पाठ करून घेऊ नका.

पुढचे दोन दिवस गरम पाण्याची अंघोळ, जिम, पोहणं, आखाडा बंद. घाम आणि तांबडी माती उघड्या रंध्रांत गेली की केसतोडा ठरलेला. सैल सुती कपडे घाला, काखेत डिओ लावू नका. एक ते तीन आठवड्यांत मेलेले केस वर ढकलले जातात. पुष्कळ जण घाबरतात, त्यांना वाटतं केस परत आले. ते उगवत नाहीत, गळत असतात. उपटू नका, अंघोळीत निघून जातात. फोड आला तर फोडू नका, थेट डॉक्टरांकडे जा. काळा डाग राहिला तर तो जायला काही महिने लागतात आणि तोवर त्या जागी पुढची सिटिंग नको.

‘कायमचे 100 टक्के’ असं लिहिलेला करार घेऊ नका. एफडीए लेझरला कायमची घट म्हणते, कायमचं निर्मूलन नाही. नीट निवडलेल्या जागी बहुतांश केस जातात, उरलेले बारीक होतात, आणि पुरुषांच्या धडावर वर्षातून एक-दोन देखभालीच्या सिटिंग धरून चालावं लागतं. आठ सिटिंगचे पैसे एकदम भरू नका. दोन-तीनचे भरा, निकाल बघा, मग पुढे. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि फोड आला तर त्या दिवशी कोण बघणार हेही.

पांढरे केस मात्र लेझरने जाणारच नाहीत, कारण तिथे तापवायला रंगद्रव्य नाही. छातीवर पांढरे यायला लागले असतील आणि करायचंच असेल तर काळे आहेत तोवर करा. त्यानंतर उरतं ते इलेक्ट्रोलिसिस. एफडीए ज्याला कायमचं केस काढणं म्हणते ती पद्धत हीच, आणि ती लेझरपेक्षा शंभर वर्षं जुनी आहे: 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी आत वळलेल्या पापणीच्या केसांसाठी ती वापरली. प्रत्येक केसाच्या रंध्रात बारीक सुई, तिच्यातून वीज किंवा उष्णता, मग केस चिमट्याने काढायचा. एकेक केस करत जायचं असल्यामुळे अख्ख्या पाठीसाठी ती व्यवहार्य नाही. कानाच्या कडा, भुवयांमधली जागा, दाढीच्या रेषेवरचे उरलेले पांढरे केस यांसाठी उत्तम. चालवणाऱ्याचा हात कसा आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं: नीट मेलेला केस ओढ न जाणवता सरकून बाहेर येतो. प्रत्येक केसाला उपटल्याची कळ येत असेल तर मूळ मेलेलं नाही, नुसतं प्लकिंग चाललं आहे, आणि तसं तिथेच सांगून थांबवा.