क्लबची वर्गणी भरून मिळतं काय?

दरवर्षी आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या रिन्युअलचा मेसेज ग्रुपवर पडला की कोणीतरी विचारतंच, "वर्गणी भरतो, पण मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे, पैसे देणाऱ्याने विचारायलाच पाहिजे. पण कमिटीने त्याला स्टिकर, टीशर्ट आणि गॅरेजमधला डिस्काउंट असं उत्तर देणं मला अजिबात पटत नाही. डिस्काउंटमध्ये दम नसतो हो. मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दरपत्रकात, मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल असोसिएशनच्या मेंबरला ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर) ५ टक्के सूट ठेवलेली होती, तीही जास्तीत जास्त २०० रुपये. तेवढ्यासाठी रविवारी पहाटे उठून कोण गाडी काढणार?

आपला क्लब प्रीमियर पद्मिनी गाडीवाल्यांचा. गाडी बनायची बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी मुंबईत टॅक्सी धावत होत्या तोपर्यंत पार्ट मिळायचे. तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ला रजिस्टर झालेली, ती ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. सगळ्यांनी फोटो शेअर केले, हळहळले, पण आपल्या दृष्टीने खरी गोष्ट ही की पार्ट घेणारं मोठं गिऱ्हाईकच गेलं, मग दुकानदार माल कशाला भरून ठेवेल? नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकट्याने जाऊन पुढच्या काचेचं रबर मागून बघा, मिळालं तर वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं मिळतं. नवीन करून घ्यायचं तर डाय, म्हणजे साचा, बनवावी लागते आणि एका सेटसाठी ती कोणी बनवत नाही. वीस-पंचवीस जणांनी मिळून ऑर्डर दिली तर बनवतात. मेंबरशिपचा फायदा म्हणतात तो हा, आणि तो वर्गणीची पावती फाडून नाही मिळत, ऑर्डरच्या वेळी "मी पण घेतो" म्हणणारी माणसं असावी लागतात.

आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. आपल्या गाड्यांचे रबरी पाइप, इंजिनला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) हे सगळं त्या जमान्यात इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेलंच नाही, ते हळूहळू फुगतं, चिरतं आणि एक दिवस बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो. कुठला पाइप टिकतो, डायफ्रॅम कोणाकडे बसवून मिळतो, हे ज्याने करून बघितलंय तोच सांगणार. आणि तो भेटतो ड्राइव्हला.

गेल्या उन्हाळ्यात वाईला जाताना खंबाटकी घाटात एका नवीन मेंबरची गाडी बंद पडली. पोरगा घाबरला, टोइंगला फोन लावायला निघाला. आपले एक काका उतरले, इंजिनजवळच्या त्या पेट्रोलच्या पंपाला बोट लावून बघितलं आणि पंचा ओला करून त्यावर गुंडाळला. इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ झाली की पंप पेट्रोल ओढत नाही, त्याला थंड होऊ द्यायचं, बाकी काही करायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू! तो पोरगा आता प्रत्येक ड्राइव्हला येतो आणि गाडीत पंचा ठेवतो.

कागदपत्रांचंही तसंच. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नवीन नोंदणीची फी २० हजार, १० वर्षं चालते, आधी रजिस्टर झालेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठराविक कामांसाठीच. ज्यांची गाडी अजून भाजी आणायला जाते त्यांनी नीट विचार करून अर्ज करा, आधी ज्यांनी केलाय त्यांच्याशी बोला.

माझी खरी तळमळ मात्र मेकॅनिक लोकांची आहे. डेल्कोचं (स्पार्क प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) कॅप काढून, आतल्या पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवून, कार्डाचा तुकडा घालून गॅप लावणारे आणि मग नुसत्या आवाजावर ठिणगीचं टायमिंग जुळवणारे किती उरलेत? जे आहेत ते सत्तरीला टेकलेत, त्यांच्या पोरांनी ही लाइन घेतली नाही. आपण त्यांना गाडी अडली की फोन करतो आणि स्नेहमेळाव्याला बोलवत नाही, हे बरोबर नाही. या मंडळींना बिनवर्गणीचे, तहहयात मेंबर करा. ड्राइव्हला त्यांना सन्मानाने पुढच्या सीटवर बसवा, त्यांचा दिवसाचा धंदा बुडतो त्याचे पैसे क्लबने द्यावेत. महिन्यातून एक सकाळ नुसती बॉनेट उघडून बसायचं, मेकॅनिक मामा सांगतील आणि कॉलेजची पोरं हात काळे करतील. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा पोरापोरींनाही येऊ द्या, गाडी नंतर घेतील.

येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे, सही करायला दोन मेंबर हवेत, कमेंटमध्ये सांगा. आणि रबरच्या ऑर्डरसाठी ज्यांनी अजून नाव दिलं नाही त्यांनी या आठवड्यात द्या, डायवाला जास्त थांबणार नाही.