लेथची किंमत कॅलेंडर पाहून काढायची नसते

'जुन्या लेथची किंमत काढा दोन मिनिटांत' हा मेसेज माझ्यापर्यंत भाच्याने पोचवला. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन. खाली पुस्ती, "मामा, हिशेब बरोबर आहे ना?" छंदासाठी लहान लेथ घ्यायची म्हणून हा याच सूत्रावर विसार द्यायला निघाला होता.

सूत्र असं: नव्या मशीनची किंमत घ्या, वर्षाला दहा टक्के वजा करा. चक, म्हणजे तुकडा पकडून फिरवणारा पंजा, हाताने हलवून बघा, हलला नाही तर मशीन ठणठणीत. सोबतचे सुटे भाग फुकट धरा. आणि वजन जास्त ते मशीन भारी.

वर्षांचं आधी संपवतो. मूळ किमतीतून दरसाल दहा टक्के गेले तर दहाव्या वर्षी शून्य. मायफर्ड या ब्रिटिश कंपनीचं एमएल सेव्हन हे लहान मशीन १९४६ साली आलं आणि त्याला आजही गिऱ्हाईक आहे. या हिशेबाने विकणाऱ्यानेच वर पैसे द्यायला हवेत! लेथ वयाने नाही, वापराने झिजते.

खरा घात चकच्या मुद्द्यात आहे. चक हलवून बेअरिंगचा ढिलेपणा कळतो, तोही ढोबळ. बेडबद्दल, म्हणजे मशीनच्या लांब पायारुळाबद्दल, काहीच कळत नाही. छंदाचं काम बहुतेक आखूड, चकजवळचं. टूल धरून बेडवर सरकणारी कॅरेज तिथेच मागेपुढे होते, बेड तिथेच झिजतो आणि टेलस्टॉककडचं, म्हणजे चकसमोरच्या आधाराकडचं, टोक जवळपास कोरं राहतं. भाच्याला म्हटलं, कॅरेज चकजवळ आण, हँडल किंचित जड होईल इतकी गिब (कॅरेजचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळ आणि मग टेलस्टॉककडे ने. अर्ध्या वाटेत कॅरेज अडली. विकणारा म्हणाला, "तेल कमी पडलंय." तेल घातलं, पुन्हा तिथेच अडली. आता गिब ढिली करावी तर चकजवळ कॅरेज डुलणार. बेड नव्याने ग्राइंड करून घेण्याचा खर्च लहान लेथच्या बाबतीत बरेचदा परवडतच नाही.

हे माझ्या मनचं नाही. जर्मन अभियंते जॉर्ज श्लेसिंजर यांनी १९२७ सालीच यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्या लिहून ठेवल्या. प्रत्यक्ष काप घेऊन बघायची चाचणी घरीही जमते. चकमध्ये जाडसर दांडा धरायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, टूल आत-बाहेर न करता दांड्यावर दोन ठिकाणी हलका काप घ्यायचा आणि दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजायचे. फरक आला म्हणून लगेच नाक मुरडू नका. बेडला पीळ असला तरी फरक येतो, आणि तो पीळ मशीनच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या सारून काढता येतो. झीज अशी निघत नाही.

सुटे भाग फुकट? आट्यांचं माप बदलणारे चेंज गिअर अपुरे असतील तर हवे ते आटे पडणार नाहीत. फोर जॉ चक, फेसप्लेट, स्टेडी असे काम धरायचे नि आधार द्यायचे भाग एकेक करून घ्यायला गेलात की मशीनचे पैसे दुसऱ्यांदा मोजाल. मोटर थ्री फेज निघाली तर घरच्या सिंगल फेजवर ती चालवणाऱ्या ड्राइव्हचा खर्च वेगळा.

वजनाचं, बरं, अर्धं मान्य. जड मशीन खोल काप घेताना कमी थरथरतं. पण झिजलेलं जड मशीन झिजलेलंच, फक्त उचलायला माणसं जास्त लागतात.

विसार अजून भाच्याच्या खिशातच आहे. विकणाऱ्याचे दोन फोन येऊन गेले, दुसऱ्यात भाव उतरला होता. रविवारी भाचा गिअर मोजायला जाणार आहे.