खुलासा : ट्रेंट डिल्फर यांच्याविषयी फिरणारा संदेश

अमेरिकेत शालेय प्रशिक्षक राहिलेले ट्रेंट डिल्फर यांच्यावर मी लिहिलेल्या मजकुरातून तयार झालेला एक संदेश सध्या फिरत आहे. ‘फुटबॉलचा विश्वचषक जिंकून देणारा सामनावीर दुसऱ्याच दिवशी मैदान सोडून शाळेत शिकवू लागला’ असे त्यात म्हटले असून सोबत काळ्या-पांढऱ्या गोल चेंडूचे चित्र आहे. ‘फुटबॉल’ एवढेच लिहून मी मोकळा झालो, हा या घोटाळ्यातला माझा वाटा.

डिल्फर अमेरिकन फुटबॉल खेळत. त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, तो हाताने फेकतो. २८ जानेवारी २००१ रोजी टँपा येथे सुपर बोलमध्ये, म्हणजे विश्वचषकात नव्हे तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, बाल्टिमोर रेव्हन्सने न्यूयॉर्क जायंट्सला ३४-७ असे हरवले, तेव्हा डिल्फर क्वार्टरबॅक होते हे खरे. परंतु सामन्याच्या नोंदीनुसार त्यांचे २५ पैकी १२ पासच पूर्ण झाले आणि सामनावीराचा मान बचावफळीतील रे लुईस यांना मिळाला. त्यानंतर रेव्हन्सनेच डिल्फर यांना संघात ठेवले नाही. ते इतर संघांकडून खेळले, २००८ मध्ये निवृत्त झाले, ईएसपीएन वाहिनीवर विश्लेषक होते आणि २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या लिप्सकोम अकॅडमीत मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे ‘दुसरा दिवस’ उजाडायला अठरा वर्षे लागली. या शाळेने २०२१ आणि २०२२ मध्ये टेनेसी राज्याचे आपल्या गटातील अजिंक्यपद पटकावले, एवढा भाग मात्र त्या संदेशातही बरोबर आहे.

चेंडूच्या चित्रासह आलेला संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच ठिकाणी हा खुलासा द्यावा.