आळस नव्हे, वीट आलाय

'नागपूरकर मतदानाच्या दिवशी सुट्टी साजरी करतात' हे नागपुरातल्या कमी मतदानावरच्या लेखातलं वाक्य झोंबलं. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी इथे ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, हे खरं. पण सगळं उन्हावर आणि आळसावर ढकलून मोकळं होऊ नका.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो, आजवर एकही लोकसभा चुकवली नाही. २०१९ मध्ये राज्यात लोकांनी ज्यांना मतं दिली, त्यातल्या दोन पक्षांचे २०२२ आणि २०२३ मध्ये तुकडे झाले. नाव-चिन्ह एकाकडे, संस्थापक किंवा त्याचा मुलगा दुसरीकडे. मग माझं मत नेमकं कुणाच्या वाट्याला गेलं? पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा आहे म्हणे! एकट्याने उडी मारली तर पद जातं, दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचतं.

विदर्भाचं तर बोलूच नका. विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं अधिवेशन दर हिवाळ्यात येतं, संत्री खाऊन परत जातं.

आमच्या चौकात झेंडे बांधणाऱ्या पोराला विचारलं, "काल तर दुसरा झेंडा होता ना बे?" तो हसला, "काका, ज्याचा नाश्ता त्याचा झेंडा. आपल्याले का करायचं हाय?" नेत्यांपेक्षा हा प्रामाणिक.

'नोटा दाबा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण दाबा, असं लेखक सुचवतात. दाबून पाहिलंय. लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून त्याच्या खालचाच येतो.

तरी मतदानाच्या दिवशी सकाळी सातलाच रांगेत होतो, बायकोने उठवलं म्हणून. परतताना तर्री-पोहे खाल्ले.