.३२ म्हटले की सगळी काडतुसे एकच नव्हेत

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पिस्तुलाचे .३२ काडतूस .३२ रिव्हॉल्वरमध्ये घालू नये, हे माझे म्हणणे आपल्याला उगाच भीती घालणारे वाटले, कारण दोन्हींना ७.६५ मि.मी. म्हणतात आणि आपल्या रिव्हॉल्वरमध्ये ते बसते, उडतेही, असे आपण लिहिता.

७.६५ हे गोळीच्या जाडीचे ढोबळ माप आहे. काडतुसाची ओळख त्यावरून पटत नाही. १८९६ सालचे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जे कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्वरला लागते, त्याची पुंगळी (दारू भरलेली धातूची नळी) २३ मि.मी. लांब असते, तर बंदूक-रचनाकार ब्राउनिंगने पिस्तुलासाठी आखलेल्या .३२ एसीपीची (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) १७ मि.मी. पुंगळीची जाडी जवळपास सारखी, म्हणून एसीपी रिव्हॉल्वरच्या घरात, म्हणजे काडतूस बसते त्या भोकात, शिरते. पण रिव्हॉल्वरमध्ये काडतूस बुडाच्या कडेवर तोललेले असते आणि ती कड लाँगला ९.५ मि.मी., तर एसीपीला जेमतेम ९.१ मि.मी. असते. काडतूस अडते ते केसभर धातूवर.

गेल्या पावसाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार सांगलीत माझ्या कामाच्या टेबलावर अशीच सहा काडतुसे ठेवून गेले. दोन उडाली होती. उरलेल्या चारांच्या कॅपवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, नखाने दाबल्यासारखा पुसट ठसा होता, कारण घोड्याचा ठोका कॅप फोडण्याऐवजी काडतूसच पुढे ढकलण्यात खर्ची पडला होता. ऐन वेळी हे झाले तर काय, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

उडते तेव्हाची गोष्ट अधिक गंभीर आहे. लाँगसाठी दाबाची मर्यादा चौरस इंचाला १५,००० पौंड धरतात, एसीपीसाठी २०,५००. आणि आपले रिव्हॉल्वर बिजागरीवर मधून उघडणारे आहे, तेव्हा तो जादा भार थेट त्या सांध्यावर आणि तो बंद ठेवणाऱ्या खटक्यावर येतो. आज काही झाले नाही, यावरून सांधा शाबूत आहे असे ठरत नाही.

एका मुद्द्यावर मात्र आपण बरोबर आहात. ‘लाँगखेरीज काहीच चालत नाही’ हे माझे वाक्य चूक होते. जुने आखूड .३२ स्मिथ अँड वेसन त्याच रिव्हॉल्वरमध्ये सुरक्षितपणे चालते. फक्त घरात काजळीचे कडे साचते, ते घासून काढावे लागते. ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.

आपल्या डब्यातल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा शिक्का कृपया वाचा, एसीपीची वेगळी काढून परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि रिव्हॉल्वरचा सांधा तपासून होईपर्यंत एकही बार काढू नका.