‘फौजीची पोरं कणखरच असतात’ : एका फॉरवर्डला उत्तर

इंदूरकडच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, राऊ इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. खाली तिरंगा, त्याखाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असल्याने फौजींची मुलं आपोआप कणखर होतात, युद्धावरून परतलेले आपले आजोबा ‘ट्रॉमा’ म्हणत बसले नाहीत, हे अमेरिकेचं खूळ, थेरपी म्हणजे वाळलेली खपली काढणं, आणि मानसोपचाराच्या कागदावर एकदा नाव चढलं की नोकरी संपली. मी इंदूर-महू रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. महूला इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, टेलिकम्युनिकेशनचं कॉलेज, त्यामुळे कोर्सला नि पोस्टिंगला येणाऱ्यांची मुलं वर्गात सतत येत-जात असतात. पाठवणाऱ्यांची भावना चांगली आहे, पण मजकूर मुलांच्या मुळावर येणारा आहे.

पहिला मुद्दा, बदल्यांनी मुलं कणखर होतात. काही होतात, खरंच. नवीन वर्गात पाचव्या मिनिटाला कबड्डीची टीम जमवणारी फौजी पोरं मी पाहिली आहेत. पण सहामाहीनंतर टीसी घेऊन आलेली सातवीतली एक मुलगीही पाहिली. वह्यांना अजून जुन्या शाळेची कव्हरं. मार्क उत्तम, शिस्त उत्तम, कधी तक्रार नाही. महिना उलटला तरी तिला बाकावरच्या शेजारणीखेरीज कुणाचंही नाव सांगता येईना. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, पप्पांचा कोर्स संपला की जायचंच आहे ना.” फॉरवर्डच्या हिशेबाने ही अगदी नमुनेदार कणखर मुलगी. मला तर वाटतं, तिने मैत्रीवरचा खर्चच बंद करून टाकला होता.

डेन्मार्कमध्ये 1971 ते 1997 या काळात जन्मलेल्या जवळपास 15 लाख लोकांच्या सरकारी नोंदी तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी गाव बदललेल्यांमध्ये पुढे आत्महत्येचे प्रयत्न, व्यसनं, मानसिक आजार यांचं प्रमाण जास्त आढळलं आणि 12 ते 14 या वयात झालेली स्थलांतरं सर्वांत जड गेलेली दिसली. ती फौजी मुलं नव्हती, आणि घर बदलणं हेच एकमेव कारण होतं असंही त्यातून ठरत नाही. बहुतेक मुलांचं पुढे नीटच झालं. पण ‘बदल्यांनी काही बिघडत नाही’ हे विधान त्यापुढे टिकत नाही. आपल्या सरकारलाही हे कळत होतं. बदलीच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून तर 1963 साली 20 रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन आजच्या केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली. गाव बदललं तरी पुस्तक तेच राहील, एवढी सोय त्यांनी केली. मैत्रीण तीच राहील, ही सोय कुणालाच करता येत नाही.

दुसरा मुद्दा आजोबांचा. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा तणावविकार, हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या सूचीत 1980 साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे आलं, हे मान्य. पण चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘शेल शॉक’वरचा, म्हणजे लढाईने सैनिकांच्या मनावर होणाऱ्या आघातावरचा, लेख 1915 मध्येच छापला होता, आणि तेव्हा फ्रान्सच्या खंदकांत आपलेही शिपाई होते. आजोबा बोलले नाहीत याचा अर्थ त्यांना काही झालं नव्हतं असा होत नाही. ते रात्री ओसरीवर का झोपायचे, हे आजीला विचारायला हवं होतं.

शिवाय आजोबांच्या मागे जे होतं ते आज नाही. महूचंच उदाहरण घ्या. सुभेदार रामजी सकपाळ इथे नोकरीला होते म्हणून 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म या छावणीत झाला. पुढे कुटुंब दापोलीला, तिथून साताऱ्याला गेलं. आई लवकर गेली, पण पोरांना पोटाशी धरायला आत्या मीराबाई घरात होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात आजही नवरा सीमेवर असला तरी बाईच्या दाराशी कुणी ना कुणी असतं, आणि त्या कुणी ना कुणीच्या घरातलंही माणूस फौजेतच असतं. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या सुनेचं तसं नाही. नवरा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, सासू गावाला, आणि शेजारची भाभी, जिच्याकडे किल्ली ठेवायची, तिच्याच घरी मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीचा हुकूम, आलेली. सामानाच्या काळ्या पेट्या अंगणात निघाल्या की हिचा पुन्हा पहिल्यापासून डाव. जुना कणखरपणा एकट्याचा नव्हताच, तो भावकीने वाटून घेतलेला होता.

तिसरा, खपलीचा. यावर थोडं थांबते, कारण थेरपीत नेमकं काय करतात हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कुणाला विचारलेलं दिसत नाही. एक शंका मात्र रास्त आहे: घटना घडल्याबरोबर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘सांगा, काय झालं’ म्हणत एकाच बैठकीत बोलतं करायचं, हा प्रकार उपयोगाचा नाही, हे तज्ज्ञच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली शिफारस केली ती वेगळ्या उपचारांची: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीने त्या आठवणीवर काम करणारी थेरपी).

माझ्या परिचयातलं एक जोडपं. तो काश्मीरहून परतला. एकदा हौसेने सगळे रात्री सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेले. गर्दीत पाठीमागे माणसं आली की हा भिंतीला टेकायचा, मुलांचे दंड घट्ट धरायचा, आणि तळलेल्या कंदाचा गराडू हातात पडायच्या आत ‘चला घरी’. बायकोला वाटे, तिरसट झालाय. नंतर बाजार सुटला, मग लग्नं सुटली, मग मुलीचं गॅदरिंग. टाळल्याने त्या क्षणापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस आणखी टाळतो, नि धोका टळलाय हे शरीराला कळतच नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या, आघातावर केंद्रित सीबीटीच्याच एका पद्धतीत नेमकं इथेच काम करतात. टाळलेल्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची: आधी दुपारचा रिकामा बाजार, मग संध्याकाळचा, सराफा सर्वांत शेवटी. जोडीला ती आठवण थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा, क्रमाने सांगायची, तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. साधारण 8 ते 15 बैठका, बहुतेकदा आठवड्याला एक. मुलांसाठीच्या पद्धतीत श्वास, झोप, भीती ओळखणं हे आधी येतं. घटनेबद्दल बोलणं फार पुढे, आणि आई किंवा बाबा त्यात सामील असतात. जखमेत घाण राहिली असेल तर वरची खपली शाबूत असून काय उपयोग?

नोकरीचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच तो जास्त घात करतो. सैन्याच्या शेप (SHAPE) या वैद्यकीय वर्गवारीत पहिलं अक्षर मानसिक स्थितीचंच, आणि ही कॅटेगरी खाली गेली की बढती, कोर्स, नेमणूक यांवर परिणाम होऊ शकतो. जवानाची भीती उगाच नाही. व्यवस्थेने ती कमी करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खालची कॅटेगरी म्हणजे बडतर्फी नव्हे, आणि ती पुन्हा तपासली जाते. शिवाय बायकोला नि मुलांना कसली आली कॅटेगरी? नवऱ्याच्या फाइलच्या धाकाने दहावीतल्या मुलाची झोप उडालेली वर्षभर लपवणारी घरं मला माहीत आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देतो. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, रात्रंदिवस. सैन्यदलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, 1 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाला. पोस्टिंग कुठेही होवो, नंबर बदलत नाही.

‘सारखं गाव बदलणाऱ्याने थेरपी सुरू कशी करायची?’ असं एका पालकाने मला विचारलं होतं. पोस्टिंग दोन-तीन वर्षांची असते, उपचार तीन-चार महिन्यांचा, म्हणजे एका ठिकाणी तो पुरा होतो. मध्येच ऑर्डर आली तर निघण्याआधी थेरपिस्टकडून एक पान लिहून घ्यायचं: काय केलं, कुठपर्यंत आलो, पुढे काय. तोच थेरपिस्ट व्हिडिओवर पुढे चालवेल का, हेही विचारायचं. आणि शाळेतून टीसी घेताना वर्गशिक्षिकेकडून नव्या शाळेसाठी चार ओळी मागायच्या. मार्कांच्या नकोत. मूल कुणाशी बोलतं, कशाने बिथरतं, डबा कुणाबरोबर खातं, एवढं त्यात असावं. अशी चिठ्ठी मागणारे पालक मला क्वचितच भेटले, आणि लिहायला मला दहा मिनिटंही लागत नाहीत.