आरओ प्लांटच्या आधी टीसीएलचं रजिस्टर

जलजीवनचा नळ दारात आला, पण पाण्याचा भरवसा नाही, म्हणून ग्रामपंचायतीनं आरओ प्लांट बसवावा, अशी मागणी गावोगावी होते आहे. त्यात इकडचा, म्हणजे माझं वास्तव्य असलेल्या कॅनडाचा, दाखला दिला जातो: इथे लोक नळाचं पाणी थेट पितात. पितात खरं. पण कशाच्या जोरावर, ते कुणी विचारत नाही.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे 2000 मध्ये मुसळधार पावसात शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. 7 माणसं दगावली, 2,300 हून अधिक आजारी पडली. क्लोरीनचं यंत्र होतं. कर्मचारी मात्र रोज क्लोरीन न मोजताच वहीत लिटरमागे 0.5 नाहीतर 0.75 मिलिग्रॅम लिहून मोकळे होत. 2002 मध्ये नवा कायदा आला. आता पाणी चालवणाऱ्याला परवाना लागतो आणि नमुना दूषित निघाला की कळवणं बंधनकारक आहे. इथली सुरक्षितता या धड्यातून आली आहे. तीही सगळीकडे पोचलेली नाही: याच प्रांतातल्या नेस्कांटागा या आदिवासी वस्तीत 1995 मध्ये लागू झालेली ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना पंचवीस वर्षांनंतरही उठली नव्हती.

आपल्याकडे कळीची वस्तू आहे टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 125 ग्रॅम टाकली, की लिटरमागे साधारण 0.8 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. गोणी ओलसर खोलीत उघडी राहून ताकद 15 टक्क्यांवर आली, की तेवढ्याच पावडरीतून 0.4 सुद्धा मिळत नाही, आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी त्यातलंही बरंचसं खाऊन टाकतं. पावडर कोरडी टाकीत भिरकावणं तर सरळ चूक. बादलीत कालवायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकी भरत असतानाच ओतायची आणि निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही.

पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी ओटी चाचणी टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या घराच्या नळाला करायची. इकडे पाइपात चोवीस तास दाब असतो. आपल्याकडे तासाभराचा पुरवठा संपला की पाइप रिकामा होतो आणि गटारातून गेलेल्या फुटक्या जोडातून घाण आत ओढतो. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली गेलं, तर गळती शोधायलाच हवी. पिवळा रंग लगेच उमटला पाहिजे; सावकाश उमटला तर ते मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळं असलेलं, क्लोरीन धरू नये.

आरओ या रोगावरचं औषध नाही. त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणजे अस्वच्छ जारमध्ये ते पुन्हा दूषित होतं, आणि लिटरभर पाण्यामागे दोनतीन लिटर वाया जातं ते वेगळंच. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर आहे, काही विहिरींत नायट्रेट 45 च्या वर. त्यावर टीसीएल काही करू शकत नाही आणि उकळल्यानं प्रमाण वाढतंच. तिथे दुसरा स्रोत किंवा आरओ हवाच.

बाकीच्या गावांनी ग्रामसभेत आधी रजिस्टर मागावं: कोणत्या तारखेला किती ग्रॅम, शेवटच्या नळाला किती क्लोरीन. आणि ती चाचणी जलसुरक्षकानं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणाऱ्या माणसानं, एकट्यानं करू नये. शेवटच्या घरातल्या बाईनं रंग बघून शेजारी सही करावी.